निळ्या खडूची खूण

सासऱ्यांनी जावयाला कधी नावं ठेवायची नाहीत, हा त्या घरातला अलिखित कायदा होता, आणि त्या कायद्याने जावयाचा जीव मेटाकुटीला आला होता.

ऐकायला विचित्र वाटेल. सासरच्यांच्या तोंडून एक बरा शब्द निघावा म्हणून लोक जन्मभर वाट बघतात, आणि या पठ्ठ्याला रोज कौतुकाचा रतीब चालू होता, तरी हा कुरकुरत होता. पण त्याचीही बाजू ऐकून घ्या.

सासऱ्यांना अख्खा गोतावळा 'कानसेन' म्हणायचा. पंख्यांच्या कारखान्यात, जुळणीच्या पट्ट्याच्या अगदी शेवटी, त्यांचं स्टूल असायचं. फिरती मोटार समोर आली की ते एका लाकडी दांडक्याचं एक टोक तिला लावायचे, दुसरं आपल्या कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. मग दोनच शब्द. 'पास' म्हणाले तर मोटारीच्या बुडाला निळ्या खडूने बरोबरची खूण. नाहीतर 'परत'. तिसरा शब्द त्या स्टुलावरून कधी कोणी ऐकला नाही. मॅनेजरच्या भाच्याने जुळवलेली मोटारही त्यांनी 'परत' केली होती, आणि भाचा शेजारी उभा असताना केली होती.

निवृत्त झाले ते कानसेन, कान नव्हे. शेजाऱ्यांचा नवाकोरा फ्रीज बघायला बोलावलं, तर पाणीसुद्धा न पिता 'परत' म्हणून घरी आले. पोटच्या मुलीने शाळेच्या संमेलनासाठी गाणं बसवलं होतं, तेव्हा तिलाही त्यांनी तोंडावर 'परत' म्हटलं होतं. ती आजही तो किस्सा खो खो हसत सांगते, पण गात मात्र नाही.

आणि हाच माणूस जावयासमोर लोण्याचा गोळा होऊन बसायचा. जावयाने त्यांच्या भिंतीवर फळी ठोकून दिली, ती इतकी तिरकी होती की पुस्तकं आपली आपण एका कोपऱ्यात जाऊन बसायची. "वा, छान!" जावयाने हौसेने चहा केला आणि त्यात साखर घालायला विसरला. "वा, छान!" सासूबाईंनी पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं, तर कानसेनांनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

फळी आणि चहापर्यंत ठीक होतं. पण गेलं वर्षभर जावई एका गोष्टीच्या मागे हात धुऊन लागला होता. तो दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचा, त्यामुळे तारा आणि डाग देण्याची कांडी हातातलीच. रविवारचे रविवार बसून त्याने हेडफोनचा एक ॲम्प, म्हणजे हेडफोनला आवाजाचा जोर पुरवणारं यंत्र, बनवलं होतं. टेबलावर ठेवायचा, डब्याएवढा, समोर आवाजाचं एक गोल बटण, चालू-बंदचं एक दाबायचं बटण आणि हेडफोनची पिन खुपसायला एक भोक. गाण्याच्या सामानाचं दुकान असलेला त्याचा एक मित्र म्हणाला होता, "चांगला वाजत असेल तर माझ्या काउंटरवर ठेव. लोक घेतील. पण चांगला नसेल तर माझंही नाव जाईल, तेव्हा मैत्रीखातर आणू नकोस."

इथेच घोडं अडलं. चांगला वाजतो का, हे सांगणार कोण? स्वतःच्या कानांवर त्याचा भरवसा नव्हता. आपलं पोर कोणाला काळं दिसतं? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला सगळे सारखेच वाटतात रे. बाबांना विचार ना."

"त्यांना विचारून काय उपयोग? ते काय म्हणणार, मी आत्ताच सांगतो."

दोघं एकदमच म्हणाले, "वा, छान!"

बायको हसली. जावई हसला नाही. एवढे तयारीचे कान घरात, आणि आपल्याच वाट्याला बहिरे. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. घरचा माणूस समजत असते तर एव्हाना चार शिव्या पदरात पडल्या असत्या, असं त्याला वाटे. आपण अजून पाहुणेच.

युक्ती काढली बायकोने. ॲम्प झाकायचे आणि बाबांनी पाठ करून बसायचं. कोणता कोणाचा हे कळलंच नाही, तर भीड कोणाची धरणार?

ठरल्याप्रमाणे रविवारी दुपारी सगळं सासऱ्यांच्या खोलीत मांडलं गेलं. टेबलावर तीन ॲम्प, तिन्हींवर उशांचे एकसारखे अभ्रे. एक नंबरला कानसेनांचा स्वतःचा जुना ॲम्प, ज्याच्यावर ते निवृत्तीपासून गाणी ऐकत आले. दोन नंबरला जावयाचा. तीन नंबरला मित्राच्या दुकानातून उसना आणलेला. एका प्लेअरमधून तिघांनाही वायर गेली होती. जावयाने आधीच मीटर लावून तिघांचा आवाज अगदी सारखा करून ठेवला होता, कारण जो जरा मोठ्याने वाजतो तोच माणसाला जास्त चांगला वाटतो. आवाज कमीजास्त करायचा तो प्लेअरवरून, ॲम्पच्या गोल बटणांना कोणी हात लावायचा नाही, अशी सगळ्यांना ताकीद होती.

हेडफोनही तीन होते. कानसेनांनी त्यांना नावं दिली होती: थोरला, मधला आणि धाकटा. थोरला चांगला जाडजूड, त्याला हलवायला ॲम्पला जोर लावावा लागे. मधला बंद कपांचा आणि स्वभावाने गरीब. धाकटा इतका हळवा की नुसती फुंकर मारली तरी बोलायला लागायचा. थोरल्याचाच जुळा भाऊ कानसेनांनी जावयाला पूर्वी भेट दिला होता, आणि जावयाच्या घरी तेवढा एकच हेडफोन होता.

सासूबाईंकडे पिन बदलण्याचं आणि ॲम्प चालू करण्याचं काम आलं. एक लांब वायर कानसेनांच्या मांडीपर्यंत सोडली होती. तिचं टेबलाकडचं टोक सासूबाई या ॲम्पमधून त्या ॲम्पमध्ये लावणार, आणि कानसेनांकडच्या टोकाला मुलगी एकेक हेडफोन जोडून देणार.

"आणि मी?" जावयाने विचारलं.

"तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात बसा, तोंड तिकडे करून," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं."

जावई मुकाट्याने ओट्याकडे तोंड करून बसला. मागे कानसेनांनी घसा खाकरला. थोरला डोक्यावर चढला.

सासूबाईंनी एक नंबरचं चालू-बंदचं बटण दाबलं. खट. गाणं सुरू झालं. एक बाई सावकाश गात होती आणि मागे जाड तारांचं एक वाद्य होतं, हे त्या घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. कानसेनांनी तिन्ही हेडफोन लावून पाहिले.

"म्हातारा झालाय," ते म्हणाले. "खालचे सूर ढिले पडलेत. धोतराचा सोगा सुटावा तसे. पण इमानी आहे बिचारा. चालू दे."

स्वतःच्या ॲम्पलाही सोडलं नाही, हे ऐकून जावयाला हुरूप आला. आता दोन नंबर.

आणि नेमकी दाराची बेल वाजली.

"आले, आले!" सासूबाईंनी जाता जाता दोन नंबरचं बटण दाबलं आणि दाराकडे धावल्या. कुरियरवाला होता. त्याला सही हवी होती, मग त्याचं पेन चालेना, मग सासूबाई त्याच्यासाठी घरातलं पेन शोधू लागल्या.

इकडे खोलीत एक बारीकसा आवाज झाला. टक्.

जावयाने कपाळाला हात लावला. हा त्याच्याच ॲम्पचा आवाज. बटण दाबल्यावर दोनतीन सेकंदांनी आतली एक कळ फिरते आणि मगच हेडफोनला आवाज सोडला जातो, नाहीतर सुरुवातीला कानात दणका बसतो. सासरे जावयाच्या घरी जेवायला आले होते तेव्हा त्यांनी तो आवाज ऐकला होता. त्याने ॲम्प डोळ्यांपासून लपवला, पण लपवायचा कोणापासून होता? ज्या माणसाने जन्मभर टकटकीवर आणि गुणगुणीवर पोट भरलं त्याच्यापासून!

आणि झालंही तसंच. थोरला डोक्यावर चढतो न चढतो तोच मागून आवाज आला, "वा, छान!"

मधल्यावर, "वा! छानच की!"

धाकट्यावर, "क्या बात है! छान, छान!"

जावयाला ओट्यावरचा तांब्या उचलून स्वतःच्या डोक्यात घालावासा वाटला. वर्षभराचे रविवार, तीन अभ्रे, एवढी मांडामांड, आणि हाती काय तर तेच ते साखर नसलेल्या चहाचं कौतुक.

सासूबाई परत आल्या. "कुठवर आलो?"

"दोन झाला. छान आहे," कानसेन म्हणाले.

"हो का? बरं, आता पुढचा." सासूबाईंनी पिन उपटली, पुढच्या अभ्र्याखाली खुपसली आणि तीन नंबरचं बटण दाबलं.

या वेळी कानसेनांनी घाई केली नाही. जावयाचं आता लक्षही नव्हतं. दुकानातल्या उसन्या डब्याबद्दल सासरे काय म्हणतात याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. तो ओट्यावरच्या डब्यांच्या झाकणांकडे बघत बसला.

"अरे वा," कानसेन हळूच म्हणाले. हे 'वा' वेगळंच होतं. जावयाने नकळत कान टवकारले. "थोरल्यावर काय वाजतोय! तारेवर बोट घासलेलं ऐकू येतंय. बाई श्वास घेते तोसुद्धा. माझ्या म्हाताऱ्याला हे या जन्मात जमलं नसतं. मधला दे बघू."

मुलीने मधला दिला.

"इथे जरा फुगलाय. बाई पिंपात तोंड घालून गातेय. धाकटा दे."

धाकटा कानावर गेला आणि कानसेनांनी तो लगेच काढला. "अग, गाणं बंद कर एकदा. नुसता ॲम्प चालू ठेव." मुलीने गाणं थांबवलं. त्यांनी पुन्हा धाकटा लावला. "हं. सूंऽऽ. गाणं नसतानाही बोलतोय. अंगात नको तेवढा जोर भरून ठेवलाय, आणि तो जोर इकडे ओततोय. थोरल्याला पेललं ते धाकट्याला झेपत नाही." मग त्यांचा कारखान्यातला आवाज खोलीत घुमला. "परत!"

वर आणखी म्हणाले, "बनवणाऱ्याचा हात चांगला आहे, पण अक्कल कमी पडली. एकच हेडफोन जवळ घेऊन बसला असणार. घरात पोरं तीन, आणि लाड एकाचेच."

जावयाला राहवलं नाही. इतकं सुरेख, इतकं नेमकं बोलणं दुसऱ्या कोणाच्या तरी ॲम्पच्या नशिबी आलं, याचा त्याला मनस्वी हेवा वाटला, आणि हेव्यापोटी तो ओट्याकडे तोंड करूनच ओरडला, "गाढव आहे हो बाबा! तीन हेडफोनवर तपासून बघायला काय झालं होतं त्याला?"

"तेच म्हणतोय मी!" कानसेनही रंगात आले. "शिकाऊ असेल कोणीतरी."

"शिकाऊ कसला, मठ्ठ!"

"जाऊ दे. शिकेल."

"आई," मधूनच मुलीचा आवाज आला. ती टेबलापाशी अभ्रे काढायला गेली होती. "पिन तर दोन नंबरमध्ये आहे."

सासूबाई जवळ आल्या. "असं कसं? मी तर एकातून दोनात, दोनातून तीनात..." मग त्यांचा हात तोंडाशी गेला. "अग बाई. बेल वाजली तेव्हा मी नुसतं बटणच दाबलं. पिन राहिलीच एकात."

जावई वळला. कानसेनही खुर्चीसकट वळले. चौघांनी मनातल्या मनात हिशेब मांडला आणि चौघांचाही तो एकदमच जुळला. दुसऱ्या वेळी वाजला तो पुन्हा जुनाच ॲम्प. आणि तिसऱ्या वेळी वाजला तो जावयाचा.

सासूबाईंनी डोळे वटारले. "अहो! जावयाला अक्कल नाही म्हणालात?"

"गाढव मी नाही म्हटलं," कानसेन पुटपुटले. "मठ्ठही मी नाही म्हटलं."

"बाबा, एक मिनिट," मुलगी म्हणाली. तिला आता भलतीच मजा येत होती. "तुमच्याच ॲम्पला तुम्ही आधी 'म्हातारा झालाय' म्हणालात आणि पाच मिनिटांनी त्यालाच 'क्या बात है'?"

पंख्यांच्या हजारो मोटारींना घाम फोडणाऱ्या माणसाला घाम फुटला. त्यांनी धाकट्याची वायर बोटाला गुंडाळली, सोडवली, पुन्हा गुंडाळली. "टक् वाजलं ना," ते शेवटी म्हणाले. "मला कळलं की हा जावईबापूंचा. आणि ऐकतो तर हुबेहूब माझ्यासारखाच. मला वाटलं, यांनी माझ्या ॲम्पची नक्कल मारलीय. आता ते तोंडावर कसं सांगायचं?"

जावई उठला आणि गॅलरीत निघून गेला.

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "दुखावलंत ना पोराला?"

बायको मागोमाग गेली. जावई कठड्याला रेलून खाली रस्त्याकडे बघत होता. खाली एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटलं?"

तो वळला. हसू त्याच्या तोंडात मावत नव्हतं.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "मला 'परत' म्हणाले."

त्याला वाईटही वाटलं होतं, नाही असं नाही. ती पिंपातली बाई त्याच्या काळजात रुतली होती. पण त्याच्याही वर काहीतरी उसळून येत होतं आणि ते त्याला आवरत नव्हतं. ते कान अखेर त्याच्याही वाट्याला आले होते. तो तरातरा आत गेला, सासऱ्यांसमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "सूंऽऽ नक्की कसं? बारीक की जाड? दोन्ही कानांत सारखं?"

कानसेनांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी मान फिरवली, म्हणजे परवानगी होती.

"बारीक," ते जपून म्हणाले. "दोन्हीकडे सारखं."

"आणि मधल्यावर फुगतो तो खालचाच भाग?"

"खालचा. बाईचा आवाज त्याच्यात बुडतो." मग त्यांचा धीर चेपला. "असं करा, तुम्ही स्वतःच लावून बघा. हा धाकटा घ्या. डोळे मिटा. मिटा म्हणतो ना!"

दिवेलागणीपर्यंत दोघं हलले नाहीत. उसना आणलेला तीन नंबर बिचारा अभ्र्याखालीच राहिला, त्याची कोणाला आठवणही झाली नाही. निघताना जावयाने ॲम्प आणि धाकटा, दोन्ही काखोटीला मारले.

पुढच्या काही रविवारी त्याने अंगातला जास्तीचा जोर काढून टाकला. ॲम्प आणि हेडफोन यांच्यामध्ये वाटेत अडवणारे दोन भाग होते, त्यांच्या जागी हलके बसवले. सूंऽऽ गेलं. बाई पिंपातून बाहेर आली. तो ऐटीत सासऱ्यांकडे गेला. या वेळी अभ्रे नव्हते, सगळा उघड मामला. कानसेनांनी तिन्ही हेडफोन लावले, मान डोलावली, आणि मग आवाजाचं बटण अगदी खाली नेऊन हळूहळू फिरवलं.

"डावा कान आधी उठतो," ते म्हणाले. "उजवा अंथरुणात लोळतोय. परत."

"बाबा, इतक्या हळू आवाजात कोण ऐकतं?"

"मी ऐकतो. जिचं बाळ शेजारी झोपलंय ती आई ऐकते. परत म्हणजे परत."

सासूबाई चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थबकल्या. जावयाने त्यांच्या हातातला कप घेतला, एक घोट प्यायला आणि निमूटपणे ॲम्प पिशवीत भरला. बटण बदलायला हवं होतं, आणि तसलं दोन्ही कान एकदम उठवणारं बटण शोधता शोधता त्याच्या नाकी नऊ आले. एक आणलं ते जाड निघालं, दुसरं फिरताना करकरत होतं. मित्र दुकानातून विचारत होता, "झालं का रे?" आणि हा सांगत होता, "अजून परत आहे." मित्राला काही कळत नव्हतं.

तिसऱ्यांदा तो गेला तेव्हा खोलीत दोघंच होते. कानसेनांनी थोरला लावला. मधला लावला. धाकटा लावून बटण तळाशी नेलं आणि मुंगीच्या पावलांनी वर आणलं. गाणं बंद करून ऐकलं, चालू करून ऐकलं. बाई गायली, थांबली, पुन्हा गायली. जावई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. 'परत' आलं नाही. पण 'वा, छान'ही आलं नाही, आणि ते येऊ नये म्हणून जावई मनातल्या मनात हात जोडून बसला होता.

कानसेनांनी हेडफोन काढला, उठले आणि आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा, खण ओढल्याचा आवाज आला. सासूबाईंचाही आवाज आला, "काय शोधताय? अहो, ते अजून ठेवलंय तुम्ही?"

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या चिमटीत बोराएवढा निळ्या खडूचा तुकडा होता. त्यांनी ॲम्प उचलला, उलटा केला आणि बुडावर बरोबरची खूण ओढली. मग खडू खिशात टाकून बोटं झटकली.

"पास," ते म्हणाले.

जावयाचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्याने उलट्या ॲम्पकडे नको इतका वेळ पाहिलं.

"आता रडतोस काय, गाढवा," कानसेन म्हणाले. "आणि जाताना ती भिंतीवरची फळी काढून ने. पुस्तकांना घेरी येते तिच्यावर."

दुसऱ्या दिवशी जावई ॲम्प घेऊन मित्राच्या दुकानात गेला. मित्राने तो काउंटरवर ठेवण्याआधी उलटसुलट करून पाहिला, बुडाला निळं काहीतरी लागलेलं दिसलं आणि त्याने फडकं उचललं. जावई काउंटरवरून अर्धा आत झेपावला आणि त्याने मित्राचा हात धरला.

"पुसू नकोस," तो म्हणाला. "त्याच्यासाठी वर्ष गेलंय."